‘द हंड्रेड ड्रेसेस’ वर्गात शिकवताना: मैत्री, छळ आणि बघत राहिलेली मुलगी

सातवी-आठवीला मैत्री आणि छळ हा विषय इंग्रजीतून घ्यायचा झाला की आपल्याकडे फळ्यावर ‘ट्रू फ्रेंड’ असं शीर्षक लिहून दहा वाक्यं दिली जातात. मुलं ती पाठ करतात, पेपरात उतरवतात, आणि मधल्या सुट्टीत नळावर ज्याला रोज मागे ढकलतात त्याला त्या दिवशीही ढकलतात. कादंबरीचं काम वेगळं चालतं. महिना-दीड महिना मुलं एका परक्या मुलीच्या वर्गात बसतात, तिच्यावर हसणाऱ्यांबरोबर थोडं हसतातही, आणि मग आपण का हसलो हे त्यांचं त्यांनाच विचारावं लागतं.

देवगड-मालवणच्या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मी हे कसं करते, ते इथे पायरीपायरीने मांडते आहे. पुस्तक एकच घेतलं आहे, कारण अशा विषयात मोघम सूचनांचा शिक्षकाला उपयोग होत नाही.

पुस्तक कोणतं आणि का

एलिनॉर एस्टिस यांची ‘द हंड्रेड ड्रेसेस’. अमेरिकेत १९४४ साली आली, पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी ऑनर हा तिथला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. सातच प्रकरणं, जेमतेम ऐंशी पानं, मधे लुई स्लोबॉडकिन यांची चित्रं. इंग्रजीला घाबरणाऱ्या मुलाच्या हातातही जाड वाटत नाही.

गोष्ट अशी. वांडा पेट्रॉन्स्की ही पोलंडहून आलेल्या कुटुंबातली मुलगी. आई नाही, बाप आणि भाऊ. गावाबाहेर टेकाडावर राहते, रोज एकच विटलेला निळा ड्रेस घालून येते. एक दिवस बोलता बोलता म्हणते की माझ्या घरी शंभर ड्रेस आहेत. त्या दिवसापासून वर्गातली सर्वांची लाडकी पेगी तिला रोज गाठून विचारते, तुझे ड्रेस किती गं? बाकीच्या हसतात. पेगीची जिवलग मैत्रीण मॅडी शेजारी उभी असते. तिला हे आवडत नाही, पण ती काही बोलत नाही, कारण तीही गरीब आहे आणि तिच्या अंगावर पेगीचेच जुने कपडे असतात. मग चित्रस्पर्धा होते. वांडाने खरोखरच शंभर ड्रेसांची चित्रं काढलेली असतात, पहिला नंबर तिचा येतो. पण तोवर तिच्या बापाने गाव सोडलेलं असतं.

या पुस्तकात छळणारीला शिक्षा होत नाही आणि जिचा छळ झाला ती परत येत नाही. गोष्ट चालते ती मॅडीच्या मनातून. शिकवताना हे एक सूत्र घट्ट धरा: तुमच्या वर्गात पेगी एखाद-दुसरी असेल, वांडाही एखादीच असेल, बाकी सगळा वर्ग मॅडीचा आहे. तास त्या बाकीच्यांसाठी घ्यायचा.

आपल्या मुलांना हे जग दूरचं वाटेल का, अशी शंका मला विचारली जाते. वांडाला शेवटच्या रांगेत, दंगेखोर पोरांच्या जवळ बसवलेलं असतं, बहुधा टेकाडावरून येताना तिचे बूट चिखलाने भरतात म्हणून. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या वाडीतून तांबड्या चिखलातून चालत येणारं मूल ज्या वर्गात आहे, तिथे हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

कधी घ्यायचं

गणपतीची सुट्टी संपल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. आठवड्याला इंग्रजीचे दोन तास आणि जमलं तर शनिवारची सकाळ. सहा प्रकरणं सहामाहीच्या आधी संपवा, सातवं परीक्षेनंतर घ्या. मधला खंड उपयोगी पडतो, कारण सहावं प्रकरण संपताना मुलांच्या मनात जे राहतं ते काही दिवस राहू द्यायला हवं.

हा काळ निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. पावसाळा सरला की चिरेखाणी सुरू होतात, कर्नाटकातली कुटुंबं येतात. हापूसच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात, काहींच्या सोबत मुलं असतात. दिवाळीनंतर ही मुलं आपल्या वर्गात येऊन बसतात आणि पुढच्या पावसाआधी निघून जातात. नाव वेगळं, बोली वेगळी, गणवेश मिळालेला नसतो. त्यांच्या येण्याआधी वर्गाने वांडाची गोष्ट वाचलेली असावी.

पुस्तक मुलांच्या हातात कसं द्यायचं

चाळीस प्रती लागत नाहीत. पाच-सहा पुरतात, पाच-सात मुलांमागे एक. गणपतीला आलेले चाकरमानी शाळेला काही ना काही देऊ करतात. वह्या आणि कंपासपेट्या दरवर्षी येतात, यंदा या पुस्तकाच्या प्रती मागा. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून वाटू नका. ते अजून कॉपीराइटखाली आहे, आणि मुलांना खऱ्या पुस्तकाची पानं उलटू देण्यात जी गोडी आहे ती झेरॉक्सच्या गठ्ठ्यात येत नाही.

वाचन शिक्षकाने मोठ्याने करायचं, मुलांनी पुस्तकात बोट ठेवून मागे यायचं. एक प्रकरण एका तासात संपवण्याची घाई नको. माझा क्रम असा असतो: दोन-तीन पानं इंग्रजीतून वाचते. मग कोणाला तरी काय झालं ते मालवणीत नाहीतर मराठीत सांगायला लावते. मग तीच पानं पुन्हा इंग्रजीतून. दुसऱ्या खेपेला मुलांचे चेहरे बदललेले दिसतात, कारण आता शब्दांमागे घडलेली गोष्ट त्यांना माहीत असते.

चर्चा मुलांच्या बोलीत होऊ द्या. भीती, लाज, मत्सर या गोष्टींवर तेरा वर्षांच्या मुलाला इंग्रजीत बोलायला लावलं तर ते ‘आय ॲम सॅड’ म्हणून खाली बसतं. बोलणं बोलीत, मग त्यातली दोन-तीन वाक्यं सगळ्यांनी मिळून इंग्रजीत करायची आणि फळ्यावर घ्यायची. लिहिणं इंग्रजीत. सगळं इंग्रजीतच व्हायला हवं हा आग्रह या पुस्तकापुरता तरी सोडावा असं माझं ठाम मत आहे.

पहिला तास: वर्ग हसतो, ते टिपून ठेवा

पहिल्या तासाला नाव मोठ्याने वाचा: वांडा पेट्रॉन्स्की. वर्ग हसेल. जवळजवळ नेहमी हसतो. कोणीतरी ते नाव वेडंवाकडं करून मागच्या बाकापर्यंत पोचवेल. तुम्ही रागावू नका, समजावू नका, चेहराही बदलू नका. फळ्याच्या कोपऱ्यात फक्त तारीख लिहा आणि स्वतःच्या वहीत एक ओळ: ‘आज नावावर हसले.’ पाचव्या प्रकरणात ही ओळ लागणार आहे.

पोलंड नकाशात दाखवा. तिथली माणसं अमेरिकेत का गेली, हे दोन वाक्यांत सांगा: काम मिळवायला, जगायला. मुंबईला गेलेल्या आजोबा-पणजोबांची गोष्ट प्रत्येक घरात आहे, मुलं लगेच जोडतात.

पहिल्या प्रकरणात खरं तर काहीच घडत नाही. सोमवारी वांडा वर्गात नाही आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बुधवारी पेगी आणि मॅडीच्या लक्षात येतं, तेही तिची गंमत करायला वाटेत थांबल्यामुळे स्वतःला उशीर झाला म्हणून. इथे साधा भूतकाळ शिकवून घ्या. ‘नोबडी नोटिस्ड’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांना त्याला शेपूट जोडायला सांगा: कोणाच्या लक्षात आलं नाही की ती काय करत होती, कुठे बसत होती, कधी गेली. त्यांना रूम नंबर १३ चा, म्हणजे वांडाच्या वर्गाचा आराखडा काढायला लावा, कोण कुठे बसतं ते दाखवून. आराखडा पुस्तकातल्याच वर्गाचा हवा. स्वतःच्या वर्गाचा काढायला सांगितलात तर एखादं मूल वर्गासमोर उघडं पडेल.

दुसरं प्रकरण: एकच वाक्य, दोन सूर

या प्रकरणाला भरपूर वेळ द्या. पेगी कधीही वाईट शब्द वापरत नाही. ती अगदी गोड आवाजात, सभ्यपणे विचारते. कागदावर तो प्रश्न निर्मळ दिसतो, पण छळ त्यातच आहे.

‘हाऊ मेनी ड्रेसेस डू यू हॅव?’ हे वाक्य फळ्यावर लिहा. एका मुलीला ते खरंच माहिती हवी म्हणून विचारायला सांगा. मग दुसरीला तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, टर उडवण्यासाठी. कुठल्या शब्दावर जोर गेला, आवाज कुठे चढला, डोळे कुणाकडे गेले, हे बाकीच्यांनी सांगायचं. इंग्रजीच्या उच्चारात आरोह-अवरोहाला केवढं महत्त्व आहे हे आपण वर्षभर सांगतो आणि मुलांना पटत नाही. इथे एका मिनिटात पटतं. दोन सूर म्हणण्यासाठी वर्गातल्या दबलेल्या मुलाला मात्र उभं करू नका. आणि प्रश्न हवेत विचारायचा किंवा भिंतीला, एकमेकांना नाही.

याच तासाला छळ म्हणजे काय हे ठरवून घ्या. नॉर्वेत या विषयावर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं, आणि दोघांच्या ताकदीत फरक असणं. ताकद म्हणजे नुसते दंड नव्हेत. वर्गात आवडतं असणं ही ताकद आहे, आडनाव ही आपल्याकडे ताकद आहे, गणवेश नवा असणंही. दोन मित्रांची शिंपल्यावरून जुंपली तर ते भांडण. दोघंही हसतात ती थट्टा. एकच जण रोज हसण्याचा विषय होतो आणि त्याला तिथून उठून जाता येत नाही, तेव्हा तो छळ. मुलांना त्यांची उदाहरणं द्यायला सांगा, पण ‘एका शाळेत’ अशीच सुरुवात करून.

उदाहरणं येतात आणि ती आपली असतात. डब्यातल्या सुक्या मासळीच्या वासावरून नाक दाबणं. घाटावरून आलेल्या मुलाच्या बोलण्याची नक्कल. वडिलांच्या दारूवरून टोमणा. मोबाइलवर वर्गमित्राच्या फोटोचं स्टिकर करून ग्रुपवर फिरवणं. आडनाव उच्चारताना मुद्दाम ओढणं, ज्यामागे जात असते आणि मुलांना ते पक्कं माहीत असतं. हे शेवटचं आलं तर शिक्षकाने नजर चुकवू नये. जातीवरून टोचणं हा छळ आहे, असं एका वाक्यात स्पष्ट म्हणावं आणि पुढे जावं. तुमची नजर कुठे वळते ते मुलं बघत असतात.

पेगीबद्दल पुस्तकात एक बारीक गोष्ट आहे, ती निसटू देऊ नका. ती लहान मुलांना दांडगट पोरांपासून वाचवते, एखाद्या जनावराला मारलेलं पाहिलं तर रडते. स्वतःला ती दुष्ट समजत नाही. वर्गाला विचारा, मग ती वांडाशी अशी का वागते? उत्तर देऊ नका. मला आजवर मिळालेली सगळ्यात चांगली उत्तरं वर्गातल्या धीट, पुढे पुढे करणाऱ्या मुलींकडून आली आहेत, आणि ती देताना त्यांचा आवाज खाली गेलेला असतो.

तिसरं प्रकरण: जिथे खेळ सुरूच झाला नसता

इथे कळतं की हा ड्रेसचा खेळ सुरू कसा झाला. छान ऊन पडलेलं, एका मुलीने नवा लाल ड्रेस घातलेला, सगळ्या तिच्याभोवती जमलेल्या. वांडाही कडेला येऊन उभी राहते. तिलाही त्या घोळक्यात यायचं आहे. म्हणून ती हळूच शंभर ड्रेसांचं बोलते.

मैत्रीचा धडा या पानावर आहे. मुलांना संवाद लिहायला द्या: वांडा ते वाक्य बोलली, आता मॅडी काय बोलली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं? चार ते सहा ओळी, इंग्रजीत. ‘रिअली? टेल मी अबाउट वन’, ‘व्हिच वन डू यू लाइक बेस्ट?’, ‘कम, सिट विथ अस’ अशी वाक्यं येतात. साधी आहेत, पण नव्या मुलाशी इंग्रजीत बोलायला सुरुवात करण्यासाठी एवढी पुरतात. ती एका कागदावर काढून भिंतीला लावा आणि वर्षभर राहू द्या.

चौथं प्रकरण: फाडलेली चिठ्ठी

मॅडी पेगीला चिठ्ठी लिहायला बसते, वांडाला छळणं आता पुरे म्हणून. लिहिता लिहिता तिला दिसतं की उद्या वांडाच्या जागी सगळ्या आपल्याला गाठून विचारताहेत, हा ड्रेस कुठून आणलास. ती चिठ्ठी फाडून टाकते.

सातवीच्या एका वर्गात मी इथे पुस्तक मिटलं तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, “बाई, तिना चिठी फाडल्यान कित्याक?” मी काही बोलायच्या आत खिडकीजवळच्या मुलीने मान न वळवता उत्तर दिलं, “भियाली ती. मगे तिचीच पाळी इली असती.” ती मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. ते वाक्य आम्ही फळ्यावर इंग्रजीत केलं: ‘शी वॉज अफ्रेड. शी थॉट शी वुड बी नेक्स्ट.’ त्या तासाला मला याहून जास्त काही शिकवायचं नव्हतं.

आता लेखन. प्रत्येकाने मॅडीने फाडलेली चिठ्ठी लिहायची, पूर्ण. ‘डिअर पेगी’पासून. ‘शुड’, ‘लेट्स’, ‘व्हाय डोन्ट वी’ यांचा वापर आधी फळ्यावर दाखवा. पेगी आपली मैत्रीण आहे आणि ती राहायला हवी आहे, हे चिठ्ठीत दिसलं पाहिजे, ही अट घाला. काम अवघड होतं ते या अटीमुळे. शिव्या देणारी चिठ्ठी कोणीही लिहितं, पण मैत्रिणीला मैत्री न तोडता ‘हे बरोबर नाही’ म्हणणं मोठ्यांनाही जड जातं. भाषेचा कस इथे लागतो, म्हणून या चिठ्ठ्यांना मी दोन तास देते आणि कच्चा-पक्का असे दोन खर्डे करून घेते.

चिठ्ठ्या झाल्या की वर्गाला भूमिका समजावून द्या. फिनलंडच्या संशोधक क्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलं की छळ दोघांत होत नाही, त्यात सगळा घोळका असतो. छळणारा, त्याला हात देणारा, हसून चेव आणणारा, बाजूला राहून बघणारा, ज्याचा छळ होतो त्याची पाठराखण करणारा, आणि ज्याचा छळ होतो तो. याच विचारातून तिथे तुर्कू विद्यापीठाने ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला आणि २००९ पासून तो देशभरच्या शाळांत नेला. मुलांना हा तक्ता देऊन पुस्तकातली पात्रं त्यात बसवायला सांगा. मॅडी कुठे बसते यावर वाद होईल. होऊ द्या.

मधे पडायचं म्हणजे मारामारी असं मुलांना, विशेषतः मुलग्यांना वाटतं. कॅनडात शाळांच्या मैदानावर मुलांचं चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात, सोबतची मुलं मधे पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला होता. दहा सेकंद घड्याळात मोजून दाखवा. आणि मग बोलायची वाक्यं घोकून घ्या, पाढ्यासारखी: ‘दॅट्स इनफ.’ ‘लीव्ह हर अलोन.’ ‘कम ऑन, लेट्स गो.’ शेवटचं वाक्य ज्याचा छळ होतोय त्याचा हात धरून म्हणायचं, छळणाऱ्याकडे न बघता. ज्या मुलाला समोर उभं राहून बोलायचं धाडस नाही, त्यालाही एवढं जमतं. तेही जमलं नाही तर नंतर जाऊन शेजारी बसणं, मोठ्या माणसाला सांगणं. धाडसाच्या पायऱ्या असतात हे मुलांना कळलं पाहिजे. नाहीतर पहिलीच पायरी उंच वाटून ती जागची हलत नाहीत.

याच प्रकरणातल्या स्पर्धेत मुलींनी ड्रेसचं आणि मुलग्यांनी मोटरबोटीचं चित्र काढायचं असतं. १९४४ सालची ही वाटणी तशीच ठेवायची गरज नाही. ज्याला जे हवं ते काढू द्या. बंदरावरच्या मुलींनी काढलेल्या होड्या बघण्यासारख्या असतात.

पाचवं प्रकरण: बापाचं पत्र

वर्ग चित्रांनी भरलेला, आणि बाईंच्या हातात वांडाच्या वडिलांचं पत्र: आम्ही मोठ्या शहरात जातो आहोत, तिथे नावावरून कोणी ओरडणार नाही, विचारणार नाही, कारण तिथे अशी नावं पुष्कळ आहेत. पत्राचं इंग्रजी मोडकं आहे. ते तसंच वाचा, सुधारून नको. मोडक्या इंग्रजीत माणूस किती नेमकं बोलू शकतो हे आपल्या मुलांनी ऐकणं फार गरजेचं आहे. या पत्रात पोलिश माणसांना हिणवायचा एक शब्द आहे. तो शिवीसारखा आहे हे सांगा, आणि मुलांकडून म्हणवून घेऊ नका.

मग वही काढा आणि पहिल्या तासाची ती ओळ वाचा. तारखेसकट. ‘आज नावावर हसले.’ एवढंच. पुढे भाषण जोडू नका, कोण हसलं ते तर अजिबात नको. त्या दिवशी गृहपाठही देऊ नका.

सहावं आणि सातवं

सहावं प्रकरण वर्णनाचं आहे. पेगी आणि मॅडी रिमझिम पावसात टेकाडावर वांडाचं घर शोधत जातात, घर रिकामं असतं. पाऊस, उतार, ओलं गवत, बंद दार यांचे इंग्रजी शब्द इथे भरपूर मिळतात. परतीचा पाऊस असेल तर खिडक्या उघड्या ठेवून वाचा. घर रिकामं पाहिल्यावर मॅडी मनाशी ठरवते की यापुढे गप्प उभं राहायचं नाही. तो निश्चय मुलांनी स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत एका वाक्यात लिहावा, स्वतःच्या वहीत, आणि तो मी तपासत नाही.

सातव्यात दोघी वांडाला पत्र लिहितात. माफी मागायला बसतात आणि साधं गप्पांचं पत्र लिहून पाठवतात. माफीचा शब्द येतच नाही. मुलांना हे पटकन दिसत नाही, त्यांना शोधायला लावा. मग त्यांनी ते पत्र नव्याने लिहायचं. माफीच्या पत्रात तीन गोष्टी हव्यात: मी काय केलं ते स्पष्ट, त्याने तुला काय झालं असेल ते, आणि आता मी काय करणार. ‘बट’ हा शब्द वापरायचा नाही. ‘इफ आय हर्ट यू’ चालणार नाही, ‘आय हर्ट यू’ लिहायचं. इंग्रजीतलं औपचारिक आणि घरगुती पत्र आपण शिकवतोच, हे तिसरं पत्र त्यांना जन्मभर लागेल.

शेवटी वांडा आपली चित्रं मुलींना देऊन टाकते, आणि मॅडीला दिसतं की तिला दिलेल्या चित्रातला चेहरा तिचाच आहे. पेगीला वाटतं, म्हणजे ती आपल्यावर रागावलेली नाही. मॅडीचं मन मात्र भरत नाही. वांडाने माफ केलं का, यावर वर्गात दोन बाजू करून बोलायला लावा. निर्णय देऊ नका.

जे टाळायलाच हवं

‘आपल्या वर्गातली वांडा कोण?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. ज्याचं नाव येईल त्याला तुम्ही सगळ्यांसमोर बोट दाखवलेलं असेल. छळाचं नाट्यीकरण करताना खऱ्या आयुष्यात जो सोसतो त्याला सोसणाऱ्याची भूमिका देऊ नका, आणि जो छळतो त्यालाही छळणाऱ्याची नको. उभं राहून कबुली देणं, रांगेत हात मिळवणं, गळाभेट हे सगळं टाळा. कबुली मागितली की मुलं ती बाईंना खूश करायला देतात. चर्चेत कोणालाही ‘मला नाही बोलायचं’ म्हणता आलं पाहिजे, हे पहिल्याच दिवशी सांगा.

गुण भावनेला देऊ नका. आकारिक मूल्यमापनात चिठ्ठी, संवाद, पत्र आणि मोठ्याने वाचन या चार गोष्टी धरता येतात, आणि त्यांत बघायची ती भाषा: वाक्यं जुळली का, अर्थ पोचला का. ‘किती पश्चात्ताप झाला’ याला दहापैकी किती द्यायचे?

एखादं मूल खरंच बोललं तर

हे पुस्तक घेतलं की कोणीतरी येतंच. बहुधा शाळा सुटताना, दप्तर पाठीला लावून, दाराशी घुटमळत. त्याची तयारी आधी असू द्या. बसवा, ऐकून घ्या, मधे सल्ला नको. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारेन कसं सांगायचं’ असं म्हणा. त्याच दिवशी तारखेसह, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा. मुख्याध्यापकांना सांगा. शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी आहे, त्या कागदावर राहू देऊ नका. धोका मोठा वाटला, घरातलं काही बाहेर आलं, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन अहोरात्र चालू असते. तो आकडा वर्गात लावून ठेवा.

छळणारा आणि सोसणारा यांना समोरासमोर बसवून ‘मिटवा’ म्हणू नका. ताकदीत फरक असतो म्हणून तर तो छळ असतो. समोर बसवलं की दुबळा ‘काय नाय बाई’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट भोगतो. दोघांशी वेगवेगळं बोला. मग त्या घोळक्यातल्या दोघा-तिघांशी बोला, जे नुसते हसत होते. बदल तिथून लवकर होतो.

आणि आपण स्वतः. पुस्तकातल्या बाई चांगल्या आहेत, तरी त्यांना कळतं तेव्हा वांडा गेलेली असते. हजेरी घेताना कोणाचं नाव आपण घाईत मोडतो, कोणाला ‘ए खाणीवाल्या’ म्हणतो, शेवटच्या बाकावर कोण कायमचं बसलंय, हे एकदा वही घेऊन तपासावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम मुलांना शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक त्रासापासूनही संरक्षण देतं, आणि ते आपल्या जिभेलाही लागू आहे.

दिवाळीनंतर

नवीन मूल येईल त्या दिवशी सकाळी त्याला त्याचं नाव त्याच्या तोंडून म्हणायला सांगा. तुम्ही दोनदा म्हणून बघा, बरोबर आलं का ते त्यालाच विचारा, मगच हजेरीत लिहा. पुढच्या किंवा मधल्या बाकावर बसवा. जेवणाच्या ओळीत शेजारी कोण बसणार हे दोन मुलांना आधी सांगून ठेवा, आठवडाभरासाठी, मग जोडी बदला. भिंतीवरच्या त्या वाक्यांचा कागद अजून जागेवर आहे ना ते बघा.

‘द हंड्रेड ड्रेसेस’ची प्रत मात्र त्याच्या हातात लगेच देऊ नका. आपल्याला वांडा ठरवून ठेवलंय असं त्याला वाटेल. कपाटात ती बाकीच्या पुस्तकांमधे असू द्या. दोन-तीन महिन्यांनी वाचनाच्या तासाला त्याने स्वतःहून काढली तर काढू द्या, आणि त्याने विचारलं तरच बोला.